रोल लॅबनं नाही, मी बिघडवला : पहिली लेन्स आणि एक्सपोजरची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.)

 

गेल्या काही दिवसांत एकच प्रश्न फिरून फिरून आला. "घरात बाबांचा जुना रोलवाला कॅमेरा सापडलाय. चालू करायचाय. लेन्स कुठली घेऊ? आणि ते एक्सपोजर कसं कळतं?" आजचा भाग त्यावरच. पण यादी वाचून दाखवण्याआधी माझी एक चूक सांगतो. ती सांगितली की यादी आपोआप समजेल.

तीन वर्षांपूर्वी मी सेकंडहँड पेंटॅक्स के१००० घेतला. हा कॅमेरा १९७६ मध्ये आला आणि १९९७ पर्यंत बनत होता. त्यात ऑटो असं काही नाही. फोकस तुमचा, अ‍ॅपर्चर तुमचं, शटर तुमचं. बॅटरी लागते ती फक्त लाइट मीटरच्या काट्यापुरती. बॅटरी मेली तरी कॅमेरा चालतो. कॅमेऱ्याबरोबर ३५-१०५ एमएमची झूम लेन्स आली होती. मी खूश. एकाच लेन्समध्ये वर्ग पण येणार आणि चेहरा पण जवळ येणार, अजून काय पाहिजे?

दोन रोल काढले. सगळे बाहेर, भर उन्हात. छान आले. मला वाटलं, जमलं आपल्याला.

मग नोव्हेंबरमध्ये आई निवृत्त झाली. जिल्हा परिषदेची शाळा, ३१ वर्षं नोकरी. निरोप समारंभ तिच्याच वर्गात. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं, टेबलावर शाल, नारळ, गुच्छ. आणि मी काय केलं असेल? सगळ्यांना सांगितलं, "मोबाईल ठेवा खाली, आज सगळे फोटो मी फिल्मवर काढतोय." लोकांनी ऐकलं पण! बाईंचा मुलगा पुण्याहून आलाय, मोठा कॅमेरा आणलाय, ऐकणारच.

आठवड्यानं लॅबकडून स्कॅन आले. अंगणातले १४ फोटो मस्त. वर्गातले बाकी सगळे म्हणजे हिरवट राखाडी चिखल. खिडक्या दिसतायत, खिडक्यांसमोर एक काळी आकृती उभी आहे, ती आई आहे हे मला माहीत आहे म्हणून दिसतंय.

आईनं फोनवर विचारलं, "आले का रे फोटो?" मी म्हटलं, "लॅबवाल्यानं रोल बिघडवला गं." एवढ्यावर थांबलो नाही. त्या लॅबला एक स्टार दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या.

ही झाली चूक. आता ती शोधली कशी, ते सांगतो, कारण रोल काढणाऱ्या प्रत्येकाला हे यायला हवं.

निगेटिव्ह वाचायला शिका

चारेक महिन्यांनी कपाट आवरताना त्या निगेटिव्हची पट्टी हातात आली. तोवर मी थोडं वाचलं होतं. निगेटिव्हच्या कडेला, त्या भोकांच्या बाजूला, फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर छापलेले असतात. ते कारखान्यातच प्रकाशानं उमटवलेले असतात, पण दिसायला लागतात डेव्हलप झाल्यावर. त्यामुळे ती कडा तुमची साक्षीदार.

कडेचे नंबर नीट दिसतायत आणि फ्रेमच्या जागा पूर्ण कोऱ्या, तर फिल्मवर प्रकाश पडलाच नाही. बहुतेक वेळा रोल आत अडकलेला नसतो आणि आपण रिकामाच लीव्हर ओढत असतो. नंबरही नाहीत आणि फोटोही नाहीत, तर गडबड डेव्हलपिंगमध्ये. नंबर ठळक आणि फोटो मात्र पातळ, फिकट, तर प्रकाश कमी दिला, म्हणजे अंडरएक्सपोज. फोटो गच्च काळे, तर प्रकाश जास्त दिला. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं हे लक्षात ठेवा.

माझ्या पट्टीवर नंबर एकदम खणखणीत. वर्गातल्या फ्रेम पातळ. आणि खरं सांगायचं तर पट्टी बघायचीही गरज नव्हती. एकाच रोलवरचे अंगणातले फोटो चांगले आणि वर्गातले खराब. लॅबवाल्यानं काय फ्रेम मोजून रसायन ओतलं? हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधणारा माणूस मी. कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

आईला सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग तिच्या त्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "चूक कुठे झाली ते कळलंय का?"

म्हटलं, "थोडंफार."

"थोडंफार चालत नाही. वहीत लिहून काढ."

आता जे सांगणार आहे ते त्या वहीतलं आहे.

तीन नळ, एक बादली

एक्सपोजर म्हणजे फिल्मवर किती प्रकाश पडला. बादली भरायची आहे असं समजा. अ‍ॅपर्चर म्हणजे नळ किती उघडा. शटर स्पीड म्हणजे नळ किती वेळ चालू. आणि आयएसओ म्हणजे बादली केवढी. ४०० ची फिल्म म्हणजे छोटी बादली, लवकर भरते. १०० ची मोठी, तिला चौपट पाणी लागतं.

या तिन्हींची भाषा एकच, स्टॉप. एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. शटरमध्ये हे सोपं आहे. १/६० च्या निम्मं १/१२५, त्याच्या निम्मं १/२५०. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र विचित्र वाटतात: १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. यात गूढ काही नाही. एफ/२ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंग्थला २ नं भागलं. ५० एमएमच्या लेन्सला एफ/२ वर भोक २५ मिलिमीटरचं, एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटरचं. आकडा मोठा, भोक लहान. आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ निम्मं करायला व्यास १.४ नं भागावा लागतो, म्हणून आकडे दर वेळी साधारण १.४ पटीनं वाढतात. शाळेतलंच गणित आहे.

आता आईचा वर्ग. माझ्यात २०० ची फिल्म. आई खिडकीकडे पाठ करून उभी, म्हणजे चेहरा सावलीत. माझी झूम पुढे ओढली की जास्तीत जास्त एफ/४.५ पर्यंतच उघडते. त्या उजेडात तिच्या चेहऱ्याला शटर हवं होतं साधारण १/८. मी दिलं १/६०. मोजा: १/८, १/१५, १/३०, १/६०. तीन स्टॉप कमी. म्हणजे जेवढा प्रकाश हवा त्याचा आठवा हिस्सा.

मग मीटरनं का नाही सांगितलं? त्यानं सांगितलं होतं की! काटा मधोमध होता. पण के१००० चा मीटर सगळ्या फ्रेमची सरासरी काढतो. फ्रेममध्ये दोन उजळ खिडक्या होत्या. त्यानं खिडक्या बघून हिशोब केला. त्याला काय माहीत, त्या खोलीत महत्त्वाचं कोण आहे?

मीटरला बैल आणि म्हैस सारखेच

मीटरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्यासमोर काहीही धरा, तो ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. पांढराशुभ्र खिल्लार बैल फ्रेमभर घेतला, तर मीटर म्हणेल "फार उजेड आहे, कमी करा" आणि बैल मळकट येईल. काळी म्हैस घेतली, तर म्हणेल "अंधार आहे, वाढवा" आणि म्हैस धुतल्यासारखी. पांढऱ्यासाठी एक-दीड स्टॉप वाढवायचं, काळ्यासाठी तेवढंच कमी करायचं. हे तुम्हीच ठरवायचं, काटा ठरवणार नाही.

माणसाचा फोटो काढताना मी एक सोपी युक्ती करतो. आपला तळहात त्या माणसाच्या चेहऱ्यावर पडतोय त्याच उजेडात धरायचा. फ्रेम तळहातानं भरायची, फोकस नसला तरी चालेल. काटा मध्यावर आणायचा आणि मग एक स्टॉप जास्त प्रकाश द्यायचा. तळहात राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, आणि बहुतेकांचा अंगाचा रंग कसाही असला तरी तळहात उजळच असतो. मग मागे खिडकी असो नाहीतर दिवा, आकडे बदलायचे नाहीत.

आणि शंका आली तर? रंगीत किंवा ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह फिल्म असेल, तर प्रकाश जास्त द्या. एक-दोन स्टॉप जास्त झालं तर निगेटिव्ह सांभाळून घेतं. कमी झालं तर सावलीतलं काही उमटतच नाही, आणि जे उमटलं नाही ते कुठलंही अ‍ॅप परत आणू शकत नाही. स्लाइड फिल्मचं मात्र उलटं. तिथे जास्त प्रकाश म्हणजे फोटो गेला. म्हणून सुरुवात स्लाइडवर करू नका.

मीटर बंद पडला तर

जुन्या कॅमेऱ्यांचा मीटर बऱ्याचदा मेलेला असतो. घाबरू नका. "सनी सिक्स्टीन" हा जुना नियम पाठ करा. स्वच्छ ऊन असेल तर एफ/१६, आणि शटर म्हणजे एक भागिले फिल्मचा आयएसओ. २०० ची फिल्म असेल तर जवळचा आकडा १/२५०. झालं.

बाकीचं सावली बघून ठरवायचं. सावलीची कड मऊ झाली, म्हणजे विरळ ढग, तर एफ/११. सावली पडतच नाही, तर एफ/८. आभाळ गच्च भरलंय, पावसाळ्यातली दुपार, तर एफ/५.६. ऊन बाहेर आहे पण माणूस झाडाखाली किंवा पडवीत, तर एफ/४. शटर तेच.

दोन स्टॉप नळ उघडला तर दोन स्टॉप वेळ कमी करा. एफ/१६ ला १/२५० म्हणजेच एफ/८ ला १/१०००. प्रकाश तेवढाच, फोटो वेगळा. का वेगळा, ते लेन्सकडे वळल्यावर बघू.

मोबाईलवर लाइट मीटरची फुकट अ‍ॅप्स मिळतात, ती वापरायला काहीच हरकत नाही. फक्त आधी अंदाज करा, मग अ‍ॅप उघडा. दोन महिन्यांत तुमचा अंदाज एका स्टॉपच्या आत यायला लागतो.

मग लेन्स कुठली?

माझं सरळ उत्तर: ५० एमएम, एफ/१.८ किंवा एफ/२. बस. पहिलं वर्षभर एवढीच.

का, ते आईच्या वर्गात जाऊन बघा. झूमवर एफ/४.५ ला १/८ लागत होतं. तीच जागा, तोच उजेड, ५० एमएमची लेन्स एफ/२ वर, तर १/३०. फिल्म २०० ऐवजी ४०० ची घातली, तर १/६०. आणि १/६० हातात धरून निघतो. हात हलू नये म्हणून साधा हिशोब असा, की शटर एक भागिले फोकल लेंग्थपेक्षा हळू नको. ५० ला १/६०, १०५ ला १/१२५. म्हणजे झूम ओढली की प्रकाशही कमी मिळतो आणि शटरही जास्त वेगाचं लागतं. दोन्हीकडून मार. मी लेन्स घेताना "किती लांबचं दिसतं" एवढंच बघितलं. एक्सपोजरचा अर्धा निर्णय त्याच दिवशी, दुकानातच झाला होता, हे मला माहीतच नव्हतं.

दुसरं कारण, ५० एमएम स्वस्त असते. जुन्या कॅमेऱ्यांबरोबर बहुतेक वेळा तीच यायची, त्यामुळे बाजारात भरपूर आहेत. ३५ एमएम फिल्मची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा कर्ण साधारण ४३ मिलिमीटर. ५० एमएम त्याच्या जवळ, म्हणून तिच्यातून दिसणारं चित्र डोळ्यांना फार ताणलेलं किंवा दाबलेलं वाटत नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँसारख्या माणसानं आयुष्यभराचं बहुतेक काम ५० एमएमवर केलं. आपल्याला एक वर्ष जड जाऊ नये.

तोटा पण सांगतो. एफ/२ वर, दीड मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारी खोली फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास. डोळ्यांवर फोकस केला आणि माणूस जरासा मागे रेलला, की संपलं. एफ/८ ला तीच खोली ४० सेंटिमीटरच्या वर जाते. म्हणून उजेड असेल तेव्हा ५.६ किंवा ८ वर या, एफ/२ अंधारासाठी राखून ठेवा. आणि उन्हात ४०० ची फिल्म घालून मागचं धूसर करायचं स्वप्न बघू नका. के१००० चं सगळ्यात वेगाचं शटर १/१०००. मेच्या उन्हात त्यावर एफ/११ च येणार.

दुसरी लेन्स कधी? वही चाळा. "मागे भिंत होती, सगळे मावले नाहीत" असं वारंवार लिहिलेलं सापडलं तर २८ किंवा ३५ एमएम. २८ ची गंमत म्हणजे, एफ/८ ला सव्वातीन मीटरवर फोकस करून ठेवला, की साधारण पावणेदोन मीटरपासून पार डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट. जत्रेत, वारीत फोकस करत बसावं लागत नाही. उलट "चेहरे लांब राहिले" असं सापडलं तर १०० किंवा १३५.

विकत घेताना

पहिलं, माउंट जुळतो का? पेंटॅक्सचा के माउंट वेगळा, निकॉनचा वेगळा. कॅननमध्ये जुना एफडी आणि नंतरचा ईएफ एकमेकांना बसत नाहीत. नाव सारखं म्हणजे लेन्स बसणारच असं नाही.

दुसरं, लेन्सवर अ‍ॅपर्चरची रिंग आहे ना? नव्या बऱ्याच लेन्सवर ती नसते. अशी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर बसली तरी भोक सगळ्यात लहान होऊन अडकून राहतं.

तिसरं, बुरशी. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून तिरपा मारा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर परत द्या. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हा रोग फार. घेतल्यावरही कातडी कव्हरात घालून कपाटात कोंडू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढा. थोडी धूळ किंवा बारीक ओरखडा असेल तर चालतं, त्यानं फारसं बिघडत नाही.

चौथं, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल दिसतंय का आणि ती झटकन उघडमिट होतात का, ते बघा. मुंबईत फोर्टमध्ये बोरा बाजाराच्या भागात फिरलात तर हे सगळं हातात घेऊन बघता येतं. ऑनलाइन घेणार असाल तर टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ मागा. प्रामाणिक विकणारा देतो.

पहिला रोल असा काढा

४०० ची साधी निगेटिव्ह फिल्म घ्या. रोल भरल्यावर लीव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची खुंटी फिरतेय का, ते बघा. फिरत नसेल तर फिल्म अडकलेलीच नाही. मग एकच माणूस किंवा घरातलं तुळशीवृंदावन समोर ठेवा आणि तोच फोटो पाच वेळा काढा: बरोबर, एक स्टॉप जास्त, दोन जास्त, एक कमी, दोन कमी. पाच फ्रेम खर्ची पडतील, पण पुढचे पन्नास रोल वाचतील. प्रत्येक फ्रेमचे आकडे वहीत लिहा. फिल्म तुमच्यासाठी काही नोंदवून ठेवत नाही.

आणि शेवटचं. जो दिवस परत येणार नाही, त्या दिवशी कुणालाही मोबाईल खाली ठेवायला सांगू नका. आपण काढायचं फिल्मवर, त्यांनी काढायचं मोबाईलवर. माझ्याकडे आईच्या त्या दिवसाचा वर्गातला एकच धड फोटो आहे. तिसरीतल्या एका मुलीच्या बाबांनी माझं न ऐकता मोबाईलवर काढलेला. त्यात मी पण आहे, कॅमेरा डोळ्याला लावून, खिडकीसमोर.

लॅबचा तो एक स्टार मी काढून टाकला आणि त्यांना फोन केला. म्हटलं, "काका, चूक माझी होती." ते म्हणाले, "एवढ्यासाठी फोन केलात? पुढचा रोल पाठवा." तेव्हापासून सगळे रोल तिथेच जातात.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. आई पडवीत तांदूळ निवडत होती. तळहात धरला, काटा बघितला, एक स्टॉप वाढवला. ५० एमएम, एफ/२.८, १/१२५. तिनं वर न बघताच विचारलं, "लिहिलंस का?"

लिहिलं.

तर मंडळी, जुना कॅमेरा कपाटात असेल तर बाहेर काढा. पहिल्या रोलचे पाच फोटो आणि वहीतले आकडे, दोन्ही पाठवा. खराब आलेले आधी पाठवा. पुढच्या भागात घरच्या बाथरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट रोल कसा डेव्हलप करायचा, ते बघू. तोवर काळजी घ्या, भेटू!